चेहऱ्याला वेळ लागतोच

गेल्या पालकसभेत एका पालकांनी मला सरळ प्रश्न विचारला, "सर, मुलगा रविवारी दोन-दोन तास कॉम्प्युटर रूममध्ये बसून माणसांचे चेहरे काढतो म्हणे. एनडीएच्या परीक्षेत याला किती मार्क?" प्रश्न रास्त होता आणि उत्तर एका शब्दाचं होतं : शून्य. तेच मी दिलं. त्यानंतर 'डिजिटल कला क्लब' परीक्षा होईपर्यंत बंद ठेवावा, अशी सूचना आली. पुढच्या सत्राआधी तिच्यावर निर्णय व्हायचा आहे. चित्रकला शिकवणारा माणूस क्लब चालू ठेवा असंच म्हणणार, हे उघड आहे. म्हणूनच नुसतं 'चालू ठेवा' न म्हणता, मुलं तिथे नेमकं काय करतात, त्यात काय अवघड आहे आणि त्यातून हाती काय लागतं, हे मासिकाच्या या मराठी पानावर सविस्तर मांडतो. पटलं तर पालकांनी तसं कळवावं, न पटलं तर तसंही कळवावं.

आधी काम काय ते सांगतो. अस्सल वाटेल असं माणसाचं डिजिटल चित्र उभं करायचं, तर संगणकाच्या पडद्यावर आधी मातीच्या गोळ्यासारखा एक आकार घ्यावा लागतो. तो ओढून, दाबून, कोरून कवटी, गाल, नाक, ओठ बसवायचे. मग त्यावर त्वचेचा रंग आणि पोत चढवायचा. मग डोळे, भुवया, केस, कपडे. त्यानंतर दिवे कुठे लावायचे ते ठरवायचं आणि शेवटी संगणकाला सांगायचं की आता या उजेडात हा माणूस कसा दिसेल ते काढून दाखव. या शेवटच्या पायरीला रेंडर म्हणतात. आम्ही ब्लेंडर हे सॉफ्टवेअर वापरतो. ते २००२ पासून सर्वांसाठी खुलं आणि मोफत आहे. सपाट चित्रासाठी क्रिता आहे, तेही मोफत. त्यामुळे या छंदासाठी पालकांच्या खिशाला फारसा भार नाही. भार आहे तो वेळेचा आणि धीराचा.

क्लबमध्ये नवीन आलेला कॅडेट पहिल्यांदा काय काढतो? रणगाडा. नाहीतर रायफल. चार रविवारांत तो रणगाडा इतका झकास होतो की बघणारा म्हणतो, फोटोच आहे! पट्ट्याचं पितळी बक्कल तर एका दुपारी चमकायला लागतं. मग तो मोठ्या आत्मविश्वासाने चेहऱ्याला हात घालतो आणि तिथे गाडी रुतते. महिनाभर खपून पडद्यावर जे येतं ते असतं दुकानाच्या काचेतल्या पुतळ्याचं तोंड. नाक बरोबर, कान बरोबर, मोजमाप बरोबर, तरी माणूस काही दिसत नाही. रणगाड्याचा एखादा बोल्ट इकडचा तिकडे झाला तर कुणाला कळत नाही. चेहऱ्याचं तसं नाही. जन्मल्यापासून आपण आईचा चेहरा वाचत आलेलो असतो. त्यामुळे ज्याला चित्रकलेचा गंध नाही असा माणूससुद्धा चेहऱ्यातली चूक क्षणात ओळखतो. नेमकं काय चुकलंय ते मात्र त्याला सांगता येत नाही.

ही अडचण आमच्या मुलांनी शोधलेली नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात आँरी गुरो या फ्रेंच संशोधकाने आपल्या पत्नीच्या चेहऱ्यावर रेघा आखून, फोटोंवरून मोजमापं घेऊन तो चेहरा संगणकात उतरवला. टोकदार तुकड्यांचा तो चेहरा गुळगुळीत दिसावा म्हणून त्याने छटा मिसळण्याची जी रीत काढली, ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७० मध्ये, मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानवतज्ज्ञाने एक छोटा लेख लिहिला होता. यंत्र माणसासारखं दिसू लागलं की ते आपल्याला आवडत जातं; पण ते जवळजवळ माणसासारखं झालं की एकदम अंगावर काटा येतो. चढावर मध्येच दरी लागावी तसं. ती दरी ओलांडली तरच पुढे खरा माणूस. २००१ साली आलेल्या 'फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन' या चित्रपटात नायिकेच्या डोक्यावर सुमारे ६० हजार केस एकेक करून हलवले होते, तरी तिच्या चेहऱ्यात जीव नाही अशी टीका झालीच. आपल्याकडे २०१४ मध्ये रजनीकांत यांच्या 'कोचडैयान'मध्ये प्रत्यक्ष अभिनय यंत्राने टिपून डिजिटल पात्रांवर चढवला. त्यातल्या चेहऱ्यांवरही हाच आक्षेप आला. एवढा पैसा आणि एवढी माणसं लावूनही जे घडतं, ते अकरावीतल्या पोराच्या बाबतीत घडलं तर नवल काय?

मग यातलं खरं अवघड काय? मी तीन गोष्टी सांगेन : त्वचा, डोळे आणि वाट पाहणं.

त्वचा रंग लावलेल्या भिंतीसारखी नसते. भिंतीवर उजेड पडतो आणि तिथूनच परत फिरतो. त्वचेत तो थोडा आत शिरतो, आत इकडेतिकडे भटकतो आणि दुसऱ्याच जागेतून बाहेर येतो. त्यातही लाल रंगाचा उजेड निळ्यापेक्षा जास्त लांब जातो. रात्री मोबाइलचा टॉर्च बोटांमागे धरून पाहा, बोटांच्या कडा निखाऱ्यासारख्या लाल दिसतील. सकाळच्या पीटीला सूर्य समोरच्या कॅडेटच्या पाठीमागून येत असेल, तर त्याचे कान बघा. हे गणित संगणकाला परवडेल अशा रीतीने मांडणारा निबंध हेन्रिक वान येन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सादर केला. त्यानंतर पडद्यावरची माणसं मेणाची किंवा प्लास्टिकची दिसण्याचं प्रमाण खूप कमी झालं.

पण आपल्या एका चित्रकाराने हे नुसत्या डोळ्यांनी पाहून, कागदावर, पाण्याच्या रंगांत करून ठेवलं होतं. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. हातात समई घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्यांचं समजतात. हळदणकरांनी आपल्या मुलीला, गीताला, समोर उभं करून ते रंगवलं. ज्योतीला वारा लागू नये म्हणून तिने हात आडवा धरला आहे आणि बोटांमधून लालसर उजेड झिरपतो आहे. मी क्लबच्या पहिल्या दिवशी हे चित्र दाखवतो. येन्सेनचं समीकरण मुलांना नंतर कळतं, ती बोटं आधी कळतात. सॉफ्टवेअरमध्ये 'त्वचेत उजेड किती खोल जाऊ द्यायचा' असा एक आकडा असतो. तो जास्त झाला की माणूस मेणबत्ती होतो, कमी झाला की खडू. योग्य आकडा पुस्तकात मिळत नाही, तो समोरच्या माणसाकडे बघून ठरवावा लागतो.

इथे आपल्या शाळेचा एक वेगळा फायदा आहे. इंटरनेटवर मिळणारे त्वचेचे बरेचसे तयार नमुने गोऱ्या कातडीचे असतात. त्यात नुसता तपकिरी रंग वाढवला की गणपतीच्या कारखान्यातली कच्ची माती दिसते. सावळ्या त्वचेत बराचसा उजेड वरच्या थरातच शोषला जातो. त्यामुळे पृष्ठभागावरून परतणारी चमक तिच्यावर जास्त उठून दिसते. कपाळावरचा, नाकाच्या शेंड्यावरचा, गालाच्या हाडावरचा तो तजेला पकडला नाही, तर सावळा माणूस मळकट दिसतो. आमच्या एकेका हाउसमध्ये लडाखपासून केरळपर्यंतचे चेहरे आहेत. मेसच्या एका टेबलावर जेवढे वर्ण बसतात, तेवढे एखाद्या मोठ्या स्टुडिओलाही एकत्र बघायला मिळत नसतील. आणि केसांच्या बाबतीत तर दर पंधरा दिवसांनी येणारे न्हावीकाका आमचं निम्मं काम करून ठेवतात!

डोळ्यांचं दुखणं वेगळं. नवा कॅडेट डोळ्याचा पांढरा भाग पांढरा शुभ्र करतो आणि चेहरा भुतासारखा होतो. तो भाग कधीच शुभ्र नसतो. त्याला राखाडी-गुलाबी झाक असते आणि वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते. खालच्या पापणीच्या काठावर पाण्याची एक बारीक रेघ चमकते. बुबुळावर पारदर्शक पडद्याचा फुगवटा असतो, त्यामुळे खिडकीचं प्रतिबिंब बुबुळात न दिसता बुबुळाच्या पुढे दिसतं. ते एवढंसं प्रतिबिंब काढून टाका, डोळा मेलाच. दुसरं, काम वाचावं म्हणून चेहऱ्याची एकच बाजू घडवून दुसरी आरशासारखी उलटवण्याची सोय असते. सुरुवातीला ती ठीक. पण खऱ्या माणसाची एक भुवई जराशी वर असते, नाक किंचित एका बाजूला असतं, हसताना एक गाल आधी उचलला जातो. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या ठेवल्या की चेहऱ्यातली व्यक्ती निघून जाते.

तिसरी गोष्ट वाट पाहण्याची. आमच्या खोलीतले संगणक साधे आहेत. एका चेहऱ्याचं चांगलं रेंडर व्हायला कधी कधी रात्र जाते. संगणक उजेडाचे किरण नशिबावर सोडल्यासारखे इकडेतिकडे सोडतो आणि त्यांची सरासरी काढतो. किरण कमी असले की चित्रात खडबडीत दाणे दिसतात. हे दाणे निम्मे करायचे तर वेळ दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. पुन्हा निम्मे करायचे तर आणखी चौपट. पहिल्या सुधारणा पटापट होतात, शेवटच्या जिवावर येतात. धावण्याच्या सरावातही असंच असतं, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. रात्रभर चालवून सकाळी प्रेपआधी धावत येऊन पाहावं, तर रात्री वीज गेलेली असते. किंवा रेंडर पूर्ण झालेलं असतं आणि त्यात एक कान कॉलरमध्ये घुसलेला असतो. मुलं वैतागतात. दोन-तीन जण दर वर्षी क्लब सोडतात. मी त्यांना अडवत नाही.

जे टिकतात त्यांना काय मिळतं? मी डोळ्यांनी पाहिलेलं एकच उदाहरण देतो. अकरावीतल्या एका कॅडेटने आपल्या आजोबांचा चेहरा करायला घेतला. आजोबा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, दोन वर्षांपूर्वी वारलेले. हाताशी पेन्शनच्या कागदावरचा एक फोटो आणि लग्नातला एक धूसर फोटो. पोराने तीन महिने घालवले. सुट्टीत घरी गेला तेव्हा आजीला, आत्याला विचारून आला : कपाळावरची खूण कुठल्या बाजूला होती, मिशी रंगवायचे का, हसताना डोळे बारीक व्हायचे का. पूर्ण झालेलं चित्र त्याने आजीला फोनवर दाखवलं. आजी म्हणाली, "डोळं थोडं तरुण झालंत. पण कान त्येंचंच." पोरगा त्या 'कान त्येंचंच'वर आठवडाभर खूश होता. मग त्याने डोळे पुन्हा करायला घेतले. मला विचाराल तर बक्षीस ते हे. एका माणसाला त्याने याआधी कधी पाहिलं नव्हतं इतकं नीट पाहिलं, आणि तो माणूस गेल्यानंतर पाहिलं.

सैनिकी शाळेत याचं काय काम, असं कुणी म्हणेल. चेहऱ्याचा आणि सैनिकाचा संबंध जुना आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतून डोकं वर काढणाऱ्या हजारो जवानांचे चेहरे गोळ्यांनी आणि तुकड्यांनी उद्ध्वस्त झाले. इंग्लंडमध्ये ऑल्डरशॉट इथे हॅरल्ड गिलीझ हे शल्यविशारद त्यांच्यावर शस्त्रक्रिया करत होते. १९१६ मध्ये त्यांच्या मदतीला आले हेन्री टाँक्स. हे मूळचे सर्जन, पुढे चित्रकलेचे शिक्षक झालेले. त्यांनी त्या जवानांची खडूच्या रंगांत चित्रं काढली, कारण तेव्हाच्या कृष्णधवल फोटोत मांसाचा रंग आणि खोली कळत नसे. पॅरिसमध्ये ॲना कोलमन लॅड या अमेरिकन शिल्पकार स्त्रीने, ज्यांचे चेहरे शस्त्रक्रियेनेही परत येणार नव्हते अशांसाठी तांब्याच्या पातळ पत्र्याचे मुखवटे केले. जवानाने मुखवटा घातलेला असतानाच ती तो रंगवायची, म्हणजे रंग त्याच्या त्वचेशी जुळावा. ढगाळ दिवशी आणि उन्हात त्वचा वेगळी दिसते, म्हणून मधली छटा धरायची. हे वाचलं की 'चेहरे काढण्यात काय आहे' हा प्रश्न माझ्या तोंडी येत नाही.

एसएसबीत उमेदवारांना अर्धा मिनिट एक धूसर चित्र दाखवतात आणि त्यातल्या माणसांचं वय, मनःस्थिती टिपायला सांगतात. क्लबमधली मुलं तिथे जास्त यशस्वी होतात, असा दावा मी करणार नाही. माझ्याकडे तसा पुरावा नाही. बघायची सवय लागते, एवढंच मी म्हणतो.

आता माझ्या मताचा अवघड भाग. आज कुणीही चार ओळी टाइप करून अर्ध्या मिनिटात फोटोसारखा चेहरा यंत्राकडून काढून घेऊ शकतो. मग तीन महिने कशाला घालवायचे? सभागृहासाठी परमवीर चक्र विजेत्यांची चित्रं करायची चर्चा सुरू झाली, तेव्हा असे काही आयते नमुने माझ्याकडे आले. त्यातला एक सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांचा होता. कारवारजवळच्या चेंडियेचे, बाँबे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे गोळीबारात काढत ज्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला, आणि ज्यांना हे पदक हयातीत मिळालं, ते राणे. नमुन्यातला माणूस रुबाबदार होता, पण राणे नव्हते. जबडा कुठल्यातरी नटाचा, खांद्यावर एका ताऱ्याऐवजी तीन तारे, छातीवर अस्तित्वात नसलेल्या पदकांची रांग. परमवीर चक्राची फीत साधी जांभळी असते, ती तिथे तिरंगी झाली होती. हे पदक ज्या सावित्रीबाई खानोलकरांनी घडवलं, त्या जन्माने युरोपियन आणि लग्नाने एका मराठी सेनाधिकाऱ्याच्या घरच्या. इंद्राच्या वज्राची चार रूपं पदकावर कशी बसवायची याचा त्यांनी विचार केला. त्यांचं काम यंत्राने रंगीत चिंधी करून टाकलं होतं.

काही जण म्हणाले, तारे दुरुस्त करून घेऊ, चेहरा तर छान आहे. माझा विरोध इथेच आहे. तारे दुरुस्त होतील, पण तो चेहरा कुणाचाच नाही. आपल्या सभागृहात सहावीतलं पोर त्या चित्रासमोर उभं राहून 'हे राणे' असं मनात धरेल आणि जन्मभर एका खोट्या माणसाला सलाम करेल. ज्यांची आठवण ठेवायची, त्यांचा चेहरा आपल्या सोयीने गोंडस करायचा अधिकार आपल्याला नाही. यंत्र वापरूच नये असं मी म्हणत नाही. फोटोवरची धूळ काढायला, ओरखडे भरायला वापरा. मात्र फोटोत जे नाही ते यंत्राने भरलं, तर ती आठवण राहत नाही, कल्पना होते. एखाद्या वीराचा एकच कृष्णधवल फोटो असेल, डोळ्यांचा रंग माहीत नसेल, तर चित्र कृष्णधवलच राहू द्यावं. त्यात कमीपणा नाही.

पालकांच्या दोन काळज्या मला मान्य आहेत. एक, डोळे आणि पाठ. आठवडाभर अभ्यासाला बसणाऱ्या मुलाने रविवारीही पडद्यासमोर बसावं, हे मलाही आवडत नाही. दुसरी, बारावीचं वर्ष. त्या वर्षी वेळ खरोखरच नसतो. म्हणून क्लब पूर्ण बंद करण्याऐवजी मी चार गोष्टी सुचवतो. बारावीच्या मुलांना दुसऱ्या सत्रात क्लब नको. बाकीच्यांना रविवारी दीड तास, त्यातला पहिला अर्धा तास पेन्सिल आणि वही, समोर जिवंत माणूस. ज्याने वहीत वीस चेहरे काढले नाहीत, त्याने संगणकाला हात लावायचा नाही. रात्रीची रेंडर संगणकाने एकट्याने करावीत, कॅडेटने वेळेवर झोपावं. आणि सभागृहात लागणाऱ्या प्रत्येक चित्राखाली लिहावं की हे कुणी, कुठल्या फोटोवरून काढलं आणि त्यात काय भरून घेतलं आहे. जिथे असं लिहिता येत नाही, तिथे ते चित्र लावू नये.

राणे यांचं चित्र या सत्रात दोन कॅडेट करत आहेत. खांदे आणि बेरे झाले आहेत. चेहरा झालेला नाही, आणि मी घाईही केलेली नाही.

पालकहो, एक विनंती. पुढच्या सुट्टीत मुलगा वही घेऊन समोर बसला, तर अर्धा तास जागचे हलू नका. मोबाइल बाजूला ठेवा. तो तुमच्याकडे टक लावून बघेल, तुम्हाला थोडं अवघडल्यासारखं होईल, नाक मोठं काढलं म्हणून हसूही येईल. बसून राहा. वर्षातले नऊ महिने तो तुमच्यापासून लांब असतो. तुमचा चेहरा त्याला नीट पाठ व्हायला हवा.